सत्कार कुणाचा, कशासाठी?



आमच्या शहरात सत्काराचा कार्यक्रम म्हटला की चित्र ठरलेलं असतं. मंडप, शाल, गुच्छ, मोमेंटो, आणि स्टेजवर सत्कारमूर्तींपेक्षा पाहुण्यांचीच गर्दी. आम्हा शिक्षकांना सूत्रसंचालनाला बोलावतात आणि हातात नावांची चिठ्ठी देतात. प्रत्येक नावापुढे ‘थोर समाजसेवक’ एवढंच लिहिलेलं. यांनी नेमकं काय केलं, असं विचारलं की उत्तर मिळतं, तुम्ही बोला ना दोन शब्द, तुम्हाला येतं बोलता!

खरी खिदमत करणारे मात्र याच गल्ल्यांत आहेत. 5 डिसेंबर 2015 रोजी बायजीपुरा-जिन्सी भागात युसूफ मुकाती यांनी ‘रोटी बँक’ सुरू केली. पद्धत अगदी साधी. घरात रोजचा स्वयंपाक होतोच. सभासदानं त्यातल्या किमान दोन ताज्या रोट्या आणि सोबत भाजी किंवा सालन आणून जमा करायचं. गरजूनं यायचं आणि घेऊन जायचं. सुरुवातीला सुमारे 250 सभासद होते. यामागचा विचार आम्हाला फार मोलाचा वाटतो. भूक फक्त रस्त्यावर हात पसरणाऱ्यालाच लागते असं नाही. कमावणारा एक, खाणारे आठ, आणि इज्जतीपोटी कुणापुढे तोंड उघडायचं नाही, अशी सफेदपोश घरं प्रत्येक मोहल्ल्यात असतात. बँकेतून घ्यायला लाज कसली?

आता सांगा, इथे सत्कार कुणाचा करायचा? मुकातीसाहेबांचा, यात शंकाच नाही. पण त्या दोन जास्तीच्या रोट्या भल्या सकाळी तव्यावर टाकणाऱ्या आपा, खाला, भाभी कुठल्या फ्लेक्सवर दिसतात?

काही जण म्हणतील, नेकीची जाहिरात कशाला? उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये, ही तर आपली शिकवण. बरोबर आहे, पण ती देणाऱ्यासाठी. इतरांना वेगळी ताकीद आहे: जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही मानत नाही, असं हदीसमध्ये आलं आहे. करणाऱ्यानं लपवावं, पाहणाऱ्यानं कदर करावी. आपल्याकडे उलटं झालंय. देणारा फोटो काढतो आणि पाहणारे गप्प.

कदर होऊ शकते, याचा दाखला शेजारच्याच बीड जिल्ह्यात आहे. शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद, म्हणजे सगळ्यांचे शब्बीर मामू. वडिलांनी कसाईकाम सोडून गाई सांभाळायला घेतल्या, मुलानं ते काम वाढवलं. पाऊस दगा देणाऱ्या त्या मुलखात शंभरावर जनावरं जगवायची म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच विचारा. दूध विकायचं नाही, शेणखत विकून चारा आणायचा. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याच शहरात फातिमा झकेरिया यांना शिक्षणाच्या कामासाठी 2006 मध्ये ती मिळाली होती. पण त्या नामवंत पत्रकार, मौलाना आझाद कॉलेजसारख्या संस्थांमागे उभ्या राहिलेल्या. त्यांचं काम दिसत होतं. दहिवंडीचं काम दिल्लीला दिसणं अवघड होतं.

बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, की पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक दुसऱ्याचं नाव सुचवू शकतो. सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन, मुदतीच्या आत. अट अशी, की त्या व्यक्तीचं काम जास्तीत जास्त 800 शब्दांत मांडायचं. घोडं इथेच अडतं. आपल्याकडे कसीदे म्हणणारे पुष्कळ, पण काम कधी सुरू झालं, किती घरांपर्यंत पोहोचतं, खर्च कोण उचलतं, हे मुद्देसूद लिहून ठेवणारं कोणी नाही.

पद्मश्रीचं राहू द्या. गल्लीतल्या कार्यक्रमासाठीसुद्धा एक पान पुरे. घरात दहावी-बारावीची मुलं असतील तर त्यांनाच बसवा. मय्यतीला गुस्ल देण्यासाठी रात्री-अपरात्री धावणारी खाला, फी न घेता मोहल्ल्यातल्या पोरांना गणित शिकवणारा भाई, दवाखान्यात अनोळखी पेशंटचे कागद भरून देणारा रिक्षावाला. त्यांच्यापाशी बसून विचारा, लिहा, तारीख टाका, आणि नाव छापायचं का, हेही त्यांनाच विचारा. शाल नको, शिलाई मशीन किंवा औषधांचा खर्च चालेल, असं कोणी म्हणालं तर तेही त्याच पानावर लिहा. पुढच्या कार्यक्रमात चिठ्ठीऐवजी ते पान सूत्रसंचालकाच्या हातात द्या. आम्ही वाचून दाखवू, इन्शाअल्लाह.