उघडलेलं इंजिन आणि उद्याचा टर्बो

परवा रात्री भाच्याचा रत्नागिरीहून फोन आला. "मामा, गाडीचं इंजिन खोललंय. आत्ताच टर्बोची तयारी करून ठेवू का?"

गाडी म्हणजे भावोजींची जुनी टाटा ४०७. आंब्याच्या दिवसांत पेट्या भरून कोल्हापूरला जायचं, म्हणजे भर एप्रिल-मेमध्ये आंबा घाट चढायचा. ही आपली दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चाललेली आणि मागून टर्बोवाले पिकअप हॉर्न मारत भुर्रकन पुढे. पोराच्या डोक्यात टर्बो शिरला नसता तरच नवल! टर्बोला पैसे दोन वर्षांनी जमतील म्हणतो. पण तयारीचे पैसे आत्ता जाणार, आणि ते ताईच्या घरखर्चातून. म्हणून मी उत्तराला एक दिवस मागून घेतला.

तर माझं मत असं. उद्यासाठी म्हणून आज काही करायचं असेल, तर एकच प्रश्न विचारावा: टर्बो कधीच आला नाही, तरी हा खर्च कामी येईल का?

या गाडीतलं जुनं ४९७ इंजिन म्हणजे ४ सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, २९५६ सीसी. ते स्वतःच्या ओढीने येईल तेवढीच हवा घेतं. टर्बो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवतो आणि जास्तीची हवा आत दाबतो. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल, म्हणून जास्त ताकद. पण त्याबरोबर जास्त उष्णता आणि जास्त दाबही आलाच. तो सोसायचा हेड गॅस्केटने, पिस्टनने, रेडिएटरने आणि शेवटी क्लचप्लेटने.

आता प्रश्न लावून बघा. हेड सपाट करून घेणं, चांगलं गॅस्केट, हेडचे बोल्ट नवे, ऑइल पंपाची तपासणी, रेडिएटर आतून साफ. यातलं काहीच वाया जात नाही. घाटात काटा लालवर जायचा थांबला तरी पैसे वसूल. एक काम मात्र निव्वळ उद्याचं. टर्बोच्या बेअरिंगमधून तेल आपल्या वजनानेच खाली चेंबरमध्ये परत येतं, त्याला तेलाच्या पातळीच्या वर रुंद वाट लागते. चेंबर उतरवलेलाच आहे, तर तिथे भोक पाडून, आटे करून बूच मारून ठेवावं. थोडक्यात होतं, आणि पुढे चालू इंजिनात लोखंडाचा कीस पडायची भीती राहत नाही.

पण मिस्त्री म्हणतो, "कमी कॉम्प्रेशनचे टर्बोचे पिस्टन आत्ताच टाका." इथे मी नाही म्हणालो. टर्बोशिवाय त्या पिस्टनवर गाडी थंडीत सकाळी लवकर सुरू होणार नाही आणि घाटात आहे त्याहून मरगळेल. दोन वर्षं आंबा याच गाडीने जायचाय ना? तसंच पंपातून डिझेल वाढवणं. हवा तेवढीच असताना डिझेल वाढवलं तर मागून काळा धूर आणि आत पिस्टनला चटके. ही तयारी नव्हे, आजचं नुकसान आहे.

आणि सगळ्यात पहिली तयारी गॅरेजमध्ये नाहीच, ती आरटीओत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. पोट भरणारी गाडी फिटनेसला किंवा विम्याला अडकली, तर टर्बो काय चाटायचाय? तेव्हा आधी तिथे विचार, नाही म्हणाले तर विषय संपला.

हे सगळं सांगितल्यावर भाचा जरा हिरमुसला. "म्हणजे मामा, तुम्ही नुसतं नीट इंजिनकामच करायला सांगताय!"

हो रे बाबा, तेच सांगतोय. नव्वद टक्के तयारी म्हणजे आहे ते धड करणं. गाडीचं काय आणि आपलं काय, येणाऱ्या दिवसांच्या नावाखाली चालू दिवस पंगू करायची आपल्याला भारी हौस. असो.

ताई हे वाचत असशील, तर पिस्टनचे पैसे वाचलेत. पहिली पेटी इकडे पाठव!