नक्कल करा, पण नावासकट

गेल्या श्रावणात माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने मला एक साधा प्रश्न विचारला. घरच्या कपाटातील विकत घेतलेल्या सीडी मी काही वर्षांपूर्वी खिशात मावेल अशा एका प्लेअरवर उतरवून घेतल्या होत्या. त्यांतला एक यमन मी तिला ऐकावयास दिला. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "सर, सारंगी कोणाची हो?" तिने पडद्यावर पाहिले होते. तेथे रागाचे नाव होते, गायकाचे होते, सारंगियाचे नव्हते. उत्तर मला ठाऊक होते, तरी क्षणभर मला बोलता आले नाही. ती सारंगी माझ्या वडिलांची होती, आणि त्या प्लेअरवरून त्यांचे नाव गाळणारा मीच होतो.

वडील कोवळ्या वयात बडोदे संस्थानच्या कलावंत कारखान्यात लागले. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि दरबारची चाकरी संपली. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. तो काळ मी पाहिला नाही, केवळ ऐकला. वडील सांगत, पगारपत्रकात गवयाची जशी एक ओळ असे, तशीच साथीदाराचीही असे. आकडे लहानमोठे असत, पण ओळ ज्याची त्याची स्वतंत्र. पुढे एका मैफलीचे ध्वनिमुद्रण सीडीच्या रूपाने निघाले, तेव्हा आतल्या कागदावर बारीक अक्षरांत का होईना, पण त्यांचे नाव छापून आले. ती सीडी त्यांनी देवघराशेजारच्या फडताळात ठेवली होती. वाजविण्याचे यंत्र मात्र त्यांच्यापाशी नव्हते.

मग नाव गळाले कसे? सीडीवर प्रत्येक सेकंदास स्वराचे ४४,१०० नमुने नोंदलेले असतात, आणि तेही डाव्याउजव्या बाजूंचे वेगवेगळे. परंतु कलावंतांची नावे तबकडीवर बहुधा नसतातच. ती असतात वेष्टनातील कागदावर. नक्कल करताना संगणक तबकडीवरील तुकड्यांची संख्या आणि लांबी मोजतो, त्यावरून इंटरनेटवरील एखाद्या यादीत ती तबकडी शोधतो व तेथील नावे आणून चिकटवतो. या याद्या बव्हंशी तुमच्याआमच्यासारख्या श्रोत्यांनीच भरलेल्या. त्यांत रकाने असतात ते गीताचे, गायकाचे, अल्बमचे आणि प्रकाराचे. तबलजी, सारंगिये, पेटीवाले यांचा रकाना समोर दिसतच नाही. यादीत तबकडी सापडली नाही तर 'ट्रॅक एक', 'ट्रॅक दोन' एवढ्यावरच भागते.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी स्वतःचे नाव मोठ्याने सांगितले. तबकड्या परदेशी छापल्या जावयाच्या. तेथील कारागिरांस गाणे कोणाचे ते कळावे, हा त्यातील व्यवहार. त्या प्रथेत नाव स्वरालाच बांधलेले होते. आपण मात्र स्वर उचलून घेतो आणि नाव डबीत ठेवून देतो.

काही वाचक विचारतील, अशी नक्कल करणे हीच मुळी चोरी नव्हे काय? मला तसे वाटत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील खाजगी वापराच्या सवलतीत पूर्वी ध्वनिमुद्रणाचा समावेश नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने संगणक प्रणाली वगळून सर्व कृतींना ती लागू झाली. स्वतः विकत घेतलेली सीडी स्वतः ऐकण्यासाठी उतरवून घेणाऱ्याने मनात अपराध बाळगण्याचे कारण नाही. नक्कल ठेवून मूळ सीडी विकणे, किंवा पेन ड्राइव्ह भरभरून गावात वाटणे, ही गोष्ट निराळी. पण त्याच २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली, तिचा उल्लेख क्वचितच होतो. कलाविष्काराचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क तिने कलावंतास दिला. कलावंत म्हणजे केवळ मुख्य गायक नव्हे.

कोणी म्हणेल, घरातल्या घरात ऐकताना नाव नसले म्हणून काय बिघडते? कायद्याने कदाचित काही बिघडत नसेल. परंतु घरातली नक्कल घरात राहत नाही. आयपॉड २००१ साली निघाला आणि २०२२ साली त्याचे उत्पादन थांबले. यंत्रे अशी येतात नि जातात, नक्कल मात्र एका यंत्रातून दुसऱ्यात आणि मामाकडून भाच्याकडे चालत राहते. इकडे दांडिया बाजारातील जुनी घरे उतरवली जातात, सामान आवरताना सीडीच्या डब्या रद्दीत जातात. शेवटी उरते ती नक्कलच, आणि जे तिच्यावर लिहिलेले नाही ते कोणाच्याच ठिकाणी उरत नाही. ज्या साथीदाराचे नाव उभ्या आयुष्यात एकदाच छापले गेले, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

शिकणाऱ्याचेही यात नुकसान आहे. विलंबित ख्यालात गवई निर्धास्त विस्तार करतो, तो ठेका धरणाऱ्याच्या भरवशावर. तो ठेका कोणाचा हे कळले, तर विद्यार्थी त्याची दुसरी साथ शोधील, दोन हातांतील फरक ऐकू लागेल. नाव नसेल तर तबला म्हणजे केवळ मागचा आवाज.

उपाय सोपा आहे. प्रत्येक तुकड्याच्या माहितीत शेऱ्याचा एक रकाना असतो. त्यात कागदावरील सर्व नावे देवनागरीत लिहावीत. मैफल कोठे, केव्हा झाली, हे छापले असेल तर तेही लिहावे. कागदाचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. नक्कल शक्यतो फ्लॅकसारख्या, काहीही न गाळणाऱ्या पद्धतीने करावी. एमपी३ जागा वाचविते, पण फार दाबली तर तंबोऱ्याची आस पहिली कोमेजते.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे काम केले. पहिले नाव वडिलांचे लिहिले. आईने शेजारी बसून ऱ्हस्वदीर्घ तपासले. एका सीडीचा कागद मात्र हरवला होता. तबल्यावर कोण आहे, हे मला ओळखता आले नाही, आणि ज्यांना विचारावे ती माणसे आता नाहीत. त्या जागी 'तबला' एवढे लिहून पुढची जागा मी मोकळी ठेवली आहे.

वाचकांनी आपापल्या घरची फडताळे या रविवारी उघडावीत. कागद अजून डबीत असतील, तोवर नावे उतरवून घ्यावीत, एवढीच विनंती.