रेघ पुण्यात, कात्री कोरडवाहूवर

पुण्याच्या मार्केट यार्डात आपला कापूस जात नाही, ज्वारी जाते. त्या यार्डाच्या चहूबाजूंनी २०२५ साली महापालिकेच्या प्रभागांच्या नव्या रेघा ओढल्या गेल्या आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. पुणेकरांची भांडणे पुणेकरांना लखलाभ, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून पान उलटू नका.

रेघ ओढण्याचा हिशेब साधा आहे. लोकसंख्या धरली सुमारे ३४ लाख ८१ हजार, नगरसेवक १६५, म्हणजे एकामागे एकवीस हजार डोकी. प्रभाग ४१, चाळीस चौघांचे, एक पाच जणांचा. सरासरीच्या दहा टक्के इकडेतिकडे चालते. नदी, नाला, मोठा रस्ता, रेल्वे बघून हद्द धरायची, जनगणनेचा प्रगणक गट फोडायचा नाही. कागदावर सगळे ठीक.

पण एका प्रभागात नगरसेवक किती, हे मंत्रालयात ठरते. २००२ ला तीन, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. २०२२ साठी पुन्हा तिघांचा आराखडा तयार झाला. सरकार बदलले आणि तो गुंडाळला. मार्च २०२२ पासून नवी सभा येईपर्यंत शहर प्रशासकाच्या हाती. यार्डातल्या मापाड्याने हंगामागणिक वजने बदलली तर आपण पोते उचलून माघारी फिरू. इथे मतदाराला फिरायला जागा नाही. शिवाय २०२६ च्या मतदानाला डोकी २०११ ची, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही.

(यार्ड चालवणाऱ्या बाजार समितीत तरी शेतकऱ्याचे मत आहे का? सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य आपल्या नावाने मत देतात. दहा गुंठ्यांच्या खातेदाराला २०१७ साली थेट मत दिले होते, ते पुढे काढून घेतले.)

आता आपल्या दारातली गोष्ट. हीच कात्री विधानसभेलाही लागते. २००१ च्या जनगणनेवरून मतदारसंघ नव्याने पाडले आणि २००९ ला त्यावर निवडणूक झाली. एकूण जागा २८८ च राहिल्या. पण ठाणे जिल्हा १३ वरून २४ वर गेला, पुणे जिल्हा १८ वरून २१ वर. विदर्भ ६६ वरून ६२ वर आला. पाऊस नाही म्हणून पोरगा पुण्याला गेला, त्याच्यामागे आमदारही गेला. कापसाच्या भावावर सभागृहात उठून बोलणारी चार माणसे कमी झाली, ती कोणत्याही पक्षाची असोत.

घटनेच्या ८४ व्या दुरुस्तीने राज्याराज्यांच्या जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्या. ती जनगणना २०२७ ची. माणसे मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरला आहे. फेब्रुवारीत बीडचा, पाथर्डीचा ऊसतोड मजूर कुठे असतो? कारखान्याच्या अड्ड्यावर, कोपीत. २०११ ला नियम असा होता की मोजणीच्या ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत जो एकदाही घरी नव्हता, तो जिथे सापडला तिथला धरला. म्हणजे घर गेवराईत, शेत गेवराईत, रेशनकार्ड गेवराईत आणि डोके कोल्हापूरच्या खात्यावर! बैलगाडीखाली निजणारे मूल दोन्हीकडून सुटले तर त्याचा हिशेब कुणीच देणार नाही.

जनगणना काही आपल्या हंगामासाठी थांबणार नाही. पण गावात प्रगणक आला की कुलूप लागलेली घरे कोणती आणि माणसे कोणत्या कारखान्यावर, हे सांगायला ग्रामपंचायतीने एक माणूस द्यावा. मुकादमांनी आपापल्या टोळीची कुटुंबवार यादी लहान मुलांसकट लिहून ठेवावी. घरी म्हातारी माणसे असतील तर अमावस्येला दोन दिवस गावी येऊन जाणाऱ्यांची नावे त्यांनी सांगावीत. मोजणीच्या मुदतीत जो घरी राहून गेला, तो त्या नियमाने घरचाच होता. जिल्हा परिषदेच्या गटांचा प्रारूप आराखडा पुढे जेव्हा निघेल, तेव्हा हरकतीची मुदत मोजक्या दिवसांची असते. तहसीलच्या फलकावर नजर ठेवणारा एक जण प्रत्येक तालुक्याने याच बैठकीत नेमावा.