मोक्याची खुर्ची कोणासाठी?

क्रिकेट हा आता चहाच्या टपरीपासून मंत्रालयापर्यंत सर्वांचा खेळ झाला आहे, असे आपल्याला वारंवार ऐकवले जाते. नागपूरजवळ जामठ्याला आंतरराष्ट्रीय सामना ठरला की याच सुरात एक उपदेशही सुरू होतो. थोड्या पैशांत उत्तम जागा कशी पटकवावी, याचा तो उपदेश असतो. विक्री सुरू होण्याच्या मिनिटाला मोबाइल हाती धरून बसा. तळमजल्याच्या महागड्या खुर्च्यांचा मोह सोडा आणि साइटस्क्रीनच्या वरचा मजला धरा, तेथून चेंडूची दिशा नीट कळते. कसोटी असेल तर सुटीचा दिवस टाळून जा. हा उपदेश चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु मैदानातील उत्तम जागा सर्वांसाठी विक्रीला येतात आणि जो चतुर असेल त्याला त्या मिळतात, हे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतच मुळात खोटे आहे. मोक्याची खुर्ची प्रथम वाटली जाते आणि वाटपातून जे उरते ते बाजारात येते. उरलेल्यासाठी आपण रांगेत झगडायचे आणि त्या झगड्याला काटकसर म्हणायचे, असा हा व्यवहार आहे.

येथे काही साथी कपाळाला आठ्या घालतील. ज्या वऱ्हाडात कापसाला हमीभाव मिळवण्यासाठी शेतकऱ्याला खरेदी केंद्रावर खेटे घालावे लागतात, तेथे क्रिकेटच्या खुर्चीचे रडगाणे कशाला, असे ते विचारतील. या आक्षेपाला स्पष्ट उत्तर दिले पाहिजे. कामगार चळवळीने आठ तासांचा दिवस मागितला तो केवळ झोपेसाठी नव्हे. दिवसातील काही तास माणसाचे स्वतःचे असावेत, ही त्या मागणीची दुसरी बाजू होती. फुरसत ही धनिकांची मिरास आहे असे आपणच मान्य केले, तर श्रमिकाला फक्त पोटापुरते जगण्याचा हक्क आहे हे भांडवलदारांचेच तत्त्वज्ञान आपण शिरोधार्य मानले असे होईल. शिवाय खेळ ही वऱ्हाडची उसनी हौस नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. आज जितेश शर्मा अमरावतीचा आहे आणि अथर्व तायडे अकोल्याचा. ज्या गावांनी खेळाडू घडवले, त्या गावांनी त्यांचा खेळ केवळ पडद्यावर पाहावा, हा कोणता न्याय?

आता हिशेब मांडू. उदाहरणादाखल करापूर्वी १,५०० रुपये किमतीचे तिकीट धरू. आंतरराष्ट्रीय सामन्याच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा कर माफ आहे, त्यावरील तिकिटाला १८ टक्के लागतो. तेव्हा हातात पडेपर्यंत ते १,७७० रुपयांचे होते. (आयपीएलच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के कर आहे, तेथे हेच तिकीट २,१०० रुपयांना पडेल.) २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे साडेपाच दिवसांहून अधिक घाम गाळावा तेव्हा एक खुर्ची. त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. बाप आणि लेक अशी दोन माणसे निघाली, तर तिकिटे, प्रवास आणि जेवण मिळून अर्ध्या क्विंटलहून अधिक कापूस एका संध्याकाळी संपला. आणि तोही हमीभाव पदरात पडला असे समजून.

अंतराचा खर्च वेगळाच. अमरावतीहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. त्यातही जामठा शहराच्या पलीकडे, वर्धा मार्गावर. प्रकाशझोतातला सामना रात्री उशिरा संपतो आणि अकोल्याचा प्रेक्षक पहाटे घरी पोहोचतो. त्याचा येणारा दिवसही बुडतो आणि जाणाराही. सिव्हिल लाइन्समधील जुन्या मैदानावर १९६९ साली नागपूरची पहिली कसोटी झाली, तेव्हा ते मैदान शहराच्या पोटात होते. २००८ साली कसोटी जामठ्याला गेली आणि ज्याच्यापाशी स्वतःचे वाहन नाही, त्याच्यापासून ती आणखी दूर गेली. एवढे करून जोखीमही प्रेक्षकाचीच. २३ सप्टेंबर २०२२ रोजी भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा वीस षटकांचा सामना ओल्या मैदानामुळे प्रत्येकी ८ षटकांचा झाला. २०१५ ची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची आणि २०२३ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची, अशा दोन्ही कसोट्या तिसऱ्याच दिवशी आटोपल्या.

मग मोक्याच्या खुर्च्या जातात कोठे? याचे उत्तर महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासातच आहे. मुंबईचे वानखेडे स्टेडियम उभे राहिले तेच मुळी खुर्च्यांच्या भांडणातून. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे होते आणि मुंबई क्रिकेट संघटनेला तेथे हव्या तेवढ्या जागा मिळेनात. संघटनेचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे हे आपल्याच विदर्भाचे, नागपूरचे पुढारी आणि त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष. त्यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर दुसरे मैदान बांधले गेले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी झाली. एका बड्या संस्थेची मक्तेदारी मोडली ही गोष्ट चांगलीच झाली. पण भांडण दोन संस्थांमधले होते. सामान्य प्रेक्षकाला किती खुर्च्या, हा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी कधी आलाच नाही.

तो आला नाही याचा पुरावा त्याच मैदानावर मिळाला. २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर झाला. आसने सुमारे ३३ हजार. सर्वसामान्यांसाठी विक्रीला आली ती ४ हजारांच्या आसपास. बाकीची संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय परिषद, पुरस्कर्ते आणि मान्यवर यांच्यात वाटली गेली. त्याच स्पर्धेत बंगळुरूला तिकिटांच्या रांगेवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पुढे न्यायमूर्ती लोढा समितीच्या सुधारणा झाल्या आणि २०१८ च्या नव्या घटनेनुसार ९० टक्के तिकिटे लोकांना विकावीत, फुकट पास १० टक्क्यांवर जाऊ नयेत, असे ठरले. परिणाम काय झाला? त्या १० टक्क्यांत नियामक मंडळाचा वाटा किती आणि स्थानिक संघटनेचा किती, यावर तंटा झाला आणि ऑक्टोबर २०१८ चा वेस्ट इंडीजविरुद्धचा सामना इंदूरहून उचलून विशाखापट्टणमला नेण्यात आला! पासांच्या वाटणीवरून एका शहराचा सामनाच हलवला गेला. पास हे आपल्या सत्ताव्यवहारातले चलन आहे, याहून निराळे यातून काय सिद्ध होते?

बाजाराचे समर्थक म्हणतील, मागणी जास्त आणि पुरवठा थोडा, तेव्हा किंमत वाढणारच. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे प्रमेय ठाऊक आहे. पण जेथे पुरवठ्याचा उत्तम भाग बाजारात येण्याआधीच काढून घेतला जातो, तेथे टंचाई निसर्गाने निर्माण केलेली नसते. दुसरे असे की हा व्यवसाय प्रेक्षकाच्या तिकिटावर चालतच नाही. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. या राशीपुढे स्वस्त केलेल्या काही हजार खुर्च्यांची तूट ती काय असणार? तिसरे, नियामक मंडळ स्वतःला धर्मादाय संस्था म्हणवते आणि आयकर अपील न्यायाधिकरणाने २०२१ साली ती भूमिका उचलून धरली. पोलीस बंदोबस्ताचे शुल्क महाराष्ट्र सरकारने २०२३ साली घटवले, तेही २०११ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने. सवलत घेताना लोककल्याण आणि तिकीट विकताना मुक्त बाजार, ही दुटप्पी भाषा आपण किती दिवस ऐकून घ्यायची?

बाजाराच्या वाटेने शेवटी कोठे पोहोचतो ते अमेरिकेत दिसते. तेथील बेसबॉलमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या संघाने २००९-१० पासून मागणीप्रमाणे रोज बदलणारे तिकीटदर सुरू केले आणि इतरांनी तो कित्ता गिरवला. प्रेक्षकाने मग शेअर दलालासारखे दरांवर डोळा ठेवून बसायचे. उलट जर्मनीत फुटबॉल क्लबांच्या मताधिकारात सभासदांचे बहुमत राखणारा नियम आहे आणि डोर्टमुंडच्या मैदानावर गोलामागेच सुमारे २५ हजार लोकांना उभ्याने पाहण्याची जागा आहे. इंग्लंडमध्ये पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी २०१६ पासून तिकिटाची कमाल किंमत ३० पौंड आहे. ही दोन्ही राष्ट्रे भांडवलशाहीच आहेत. तेथे प्रेक्षक संघटित झाला म्हणून हे घडले.

आपल्याकडेही कायद्याला हा विचार अपरिचित नाही. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली क्रिकेटच्याच प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितले. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसारभारतीला द्यावे, असा कायदा २००७ साली झाला. घरी बसून पाहणाऱ्याचा हक्क मान्य केल्यावर मैदानात येणाऱ्याचा हक्क नाकारण्यास कोणता आधार उरतो?

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक सामन्यापूर्वी आसनांचा तक्ता प्रसिद्ध व्हावा : एकूण किती, विक्रीला किती, पास किती आणि कोणत्या वर्गाला. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने माहितीचा अधिकार सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरता मर्यादित ठेवला आहे. म्हणून ही अट राज्य सरकारने बंदोबस्ताच्या परवानगीलाच जोडावी. पॅव्हेलियनसह प्रत्येक विभागातील चौथा हिस्सा ५०० रुपयांच्या आत विकावा. त्यावर करही लागत नाही. मागच्या कोपऱ्यातल्या खुर्च्या स्वस्त करून औदार्य मिरवू नये. तिकिटाची खिडकी अमरावतीला आणि अकोल्यालाही उघडावी, म्हणजे ज्याचा मोबाइल मंद आहे तो आपोआप बाद होणार नाही. आणि सामना संपल्यावर बडनेरा व अकोल्यापर्यंत परतीची गाडी असावी.

शेवटची मागणी सरकारकडे नाही, आपल्या माणसांकडे आहे. सामना जवळ आला की पासांसाठी फोन करणाऱ्यांत केवळ सत्ताधारी नसतात. विरोधी बाकांवरचे आमदार असतात, नगरसेवक असतात, तालुक्याचे कार्यकर्तेही असतात. फुकटच्या खुर्चीत बसून समतेचे भाषण करता येत नाही. पक्षाच्या कोणत्याही पदाधिकाऱ्याने पास मागू नये व आला तर परत करावा, असा ठराव अमरावती आणि अकोला जिल्हा शाखांनी प्रथम करावा आणि मगच वरील मागण्यांसाठी निवेदन घेऊन निघावे.

तोवर ज्याला कमी पैशांत खरोखर उत्तम जागा हवी असेल त्याने रणजी सामन्याला जावे. तेथे साधारणतः तिकीटच नसते. २०२४-२५ च्या हंगामात विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, तो जामठ्यालाच. आपल्या मुलांचा खेळ आपल्या माणसांनी जवळून, फुकट पाहता येतो, हे तेथे रोज सिद्ध होते. जे रणजीत शक्य आहे ते आंतरराष्ट्रीय सामन्यात निदान चौथ्या खुर्चीपुरते तरी शक्य आहे. अडसर पैशाचा नाही. ज्यांच्या हाती वाटप आहे त्यांना ते सोडवत नाही, एवढेच आहे.