थर्माकोलचा रायगड



“तू नक्की कशावर लिहितेस गं?” मोठ्या जाऊबाईंनी परवा विचारलं. त्यांचंही बरोबर आहे. गेल्या वर्षभरात पुरवण्यांसाठी मी पंचगंगेतल्या जलपर्णीवर लिहिलं, मुलांच्या हट्टावर लिहिलं आणि वारली चित्रांवरही लिहिलं. त्यांच्या मते ही नुसती मिसळ. मला मात्र हे तिन्ही विषय एकाच रात्री, आमच्याच जेवणाच्या टेबलावर भेटले होते.

पावसाळ्यातली गोष्ट. रात्री नऊ वाजता चिरंजीवांना आठवलं, “उद्या रायगडाची प्रतिकृती न्यायची आहे.” धावत जाऊन थर्माकोलच्या दोन शीट आणल्या. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हे मीच एका लेखात लिहिलं होतं. मागितल्यावर शीट मात्र लगेच मिळाली. साडेबारापर्यंत मी कापत बसले आणि मुलगा झोपून गेला. शाळेत ‘उत्कृष्ट’ असा शेरा मिळाला. पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, “यात टकमक टोक कुठलं रे?” तो माझ्याकडे बघायला लागला.

तो शेरा कुणाचा, हे तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी गॅलरी धुताना ते पांढरे मणी पाण्याबरोबर मोरीत गेले. तिथून नाला, नाल्यातून नदी. माझी आजी विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळायची आणि गाळण्यावर राहिलेले जीव सांभाळून पुन्हा त्याच विहिरीत सोडायची. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवाची एवढी काळजी करणाऱ्या घरातली मी, आणि कुजत नाहीत असे मणी नदीत सोडून मोकळी झाले. मासे ते खाणं समजून गिळतात.

माझं स्पष्ट मत आहे की असे प्रकल्प आयांनी करू नयेत. मुलाचा वाकडा किल्ला वाकडाच शाळेत जाऊ द्यावा. पालकसभेत मी हे बोलले, तर उत्तर आलं, “नीटनेटकेपणाला गुण असतात.” म्हणजे गुण आयांनाच! पुढच्या सभेत आपण चार-पाच जणी मिळून बोललो, तर कदाचित ऐकतील.

मग दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायचं ठरवलं. सासूबाईंनी लगेच हरकत घेतली, “माती उकरायची म्हणजे पृथ्वीकायिक जीवांची हिंसा नाही का? आणि अळीव पेरून नंतर उपटणार कोण?” या प्रश्नाला हसून सोडून देणं मला जमत नाही. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, पण यत्नाचार तर पाळता येतो. म्हणून नवीन माती खणली नाही. शेजारी बांधकामाची उकरून टाकलेली माती होती, ती मुंग्या नाहीत ना हे बघून आणली. अळीव पेरलं नाही, लाकडाचा भुसा हळदीत कालवून पसरला. गवत पिवळं दिसलं. उन्हाळ्यातला रायगड, असं मुलानंच जाहीर केलं.

मी फक्त पाणी आणून देत होते. टकमक टोक दोनदा ढासळलं. तिसऱ्या वेळी त्यानं आत गोणपाटाचा तुकडा घातला तेव्हा ते उभं राहिलं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वारलीवर लिहिताना मी हेच ऐकलं होतं. लग्नघरात भिंतीवर चौक लिहिणाऱ्या बायकांजवळ तांदळाचं पीठ, पाणी आणि बांबूची काडी एवढंच असायचं. दुकानातून काही आणायचं नसलं की हात आणि डोकं दोन्ही कामाला लागतात.

किल्ला पाच दिवस राहिला. नंतर माती कुंड्यांत भरली. जाऊबाई बघायला आल्या तेव्हा मुलानं त्यांना महादरवाज्यापासून जगदीश्वराच्या देवळापर्यंत सगळा गड फिरवला. त्या गडबडीत मी कशावर लिहिते, हे सांगायचं राहूनच गेलं.