ताळा जुळला तरी…

मुलाकडे ओहायोला गेले की दोन महिने करायचे काय, हा माझ्यासारख्या निवृत्त माणसापुढचा मोठाच प्रश्न. गेल्या खेपेला तो शेजारच्या म्हातारबुवांनी सोडवला. हे गृहस्थ गॅरेजमध्ये बसून बंदुकीची काडतुसे भरतात! ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा. तिथे मात्र नेमबाजीचा नाद असलेले पुष्कळ लोक वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. स्वस्त पडते आणि आपल्या बंदुकीला मानवेल असे काडतूस तयार होते.

पुंगळी साफ करून मूळ आकारात आणायची, बुडाशी नवी टोपी बसवायची, दारू घालायची, वर गोळी दाबायची. कृती पुरणपोळीपेक्षा सोपी वाटली. खरी मेख आहे ती दारूच्या मापात. दारू मोजतात ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे दारूचा दाणा नव्हे, ते वजन आहे. ७००० ग्रेनचा एक पौंड. म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. हे माप आपल्याला अगदीच परके नाही. १८३५ च्या कायद्याने ठरलेला चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, आणि तेवढाच आपला तोळा.

म्हातारबुवांच्या यंत्राची मूठ फिरवली की ठरावीक दारू पुंगळीत पडते. पण यंत्र आकारमान मोजते, वजन नव्हे. वाटीने पीठ मोजावे तसे. वाटी आपटली की जास्त मावते. बारीक कांड्यांची दारू असली तर एखादी कांडी अडते आणि माप कमीजास्त होते. म्हणून दर काही पुंगळ्यांनंतर दारू काट्यावर घालायची. काट्याचाही भरवसा नाही. आधी प्रमाणित वजन ठेवून तो तपासायचा, पंखा बंद करायचा, कारण झुळकीनेही काटा हलतो.

मी माझे बँकेतले शहाणपण पाजळले. “दहा मापे एकदम तोलून दहाने भागले तर?”

म्हातारबुवा हसले. म्हणाले, “यंत्र लावताना ते ठीक. पण त्याने सरासरी कळते, आणि बंदुकीत सरासरी घालत नाहीत, एकेक काडतूस घालतात.”

एका पुंगळीत थोडी कमी आणि दुसरीत तेवढीच जास्त पडली, तर दहांची बेरीज चोख येते. पिस्तुलाच्या काडतुसात दारू इतकी थोडी लागते, की चुकून दोनदा पडली तरी बहुधा मावून जाते. असे काडतूस पिस्तूल फोडू शकते. दारू पडलीच नाही, तर गोळी नळीत अडकून बसण्याची भीती. मागून दुसरी झाडली की नळी फुटायची. म्हणून गोळ्या बसवण्यापूर्वी म्हातारबुवा पन्नास पुंगळ्या खाचांच्या फळीत उभ्या करतात आणि बॅटरी घेऊन प्रत्येकीत डोकावतात. यंत्र उत्तम आहे, काटा चोख आहे, तरीही!

त्या गॅरेजमध्ये मला आठवले ते १९८४ साल. तालुक्याच्या गावी मी रोखपाल होतो. एके संध्याकाळी रोकड पै-न्-पै जुळली, मी खुशीत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी एक निवृत्त शिक्षक आले. आदल्या दिवशी काढलेल्या पैशांत शंभराची एक नोट कमी होती म्हणाले. मी रोकडवही पुढे सरकवली. “गुरुजी, रोकड जुळली आहे. घरी नीट बघा.” ते काही न बोलता गेले. तिसऱ्या दिवशी गावातला किराणा दुकानदार शंभराची नोट घेऊन हजर. “साहेब, परवा एक जास्त आली होती.” माझ्या दोन चुका एकाच पांघरुणात झोपल्या होत्या!

त्याच संध्याकाळी सायकल काढून गुरुजींकडे गेलो. त्यांनी नोट घेतली. काकू तेवढ्या म्हणाल्या, “नातवानं घेतली म्हणून पोराला मारलं हो यांनी.” आठ-नऊ वर्षांचा तो मुलगा दाराआड उभा होता.

आपण सारे बेरजांवर खूश असतो. तालुक्यात सरासरीइतका पाऊस झाला म्हणतो. मधल्या महिन्यात कोणाचे पीक वाळले ते आकड्यात दिसत नाही. शाळेचा निकाल नव्वद टक्के म्हणतो. उरलेल्या दहांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली का, विचारत नाही. बेरीज हवीच, तिच्यावाचून बँक चालत नाही आणि राज्यही चालत नाही. पण समोर एखादा माणूस येऊन “माझे कमी आले” म्हणतो, तेव्हा वही पुढे करू नये. बॅटरी घेऊन त्या एका पुंगळीत डोकवावे.

गुरुजींचा नातू आता पन्नाशीच्या घरात असेल. नोट मी परत केली. त्याची माफी मागायची मात्र राहूनच गेली.