अनामिक मध्यस्थ

काळपट फिनेल बादलीतल्या पाण्यात पडले की पाणी दुधासारखे पांढरे होते, हे घरोघरी रोज दिसते. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर पोलाद कापताना जे पांढरे पाणी सोडतात, तेही पाण्यात मिसळलेले तेलच असते. चेहऱ्याचे क्रीम, अंगाला चोळायचे मलम, भिंतीचा इमल्शन रंग, रस्त्यावर फवारायचे डांबराचे मिश्रण, या साऱ्यांच्या मुळाशी एकच युक्ती आहे. तेल आणि पाणी यांचे सख्य विळ्याभोपळ्याचे. त्यांना एकत्र नांदवायचे तर मध्ये कोणीतरी मध्यस्थ लागतो.

शास्त्रीय मराठीत अशा मिश्रणाला 'पायस' म्हणतात. पय म्हणजे दूध; आणि दूध हेच निसर्गाने घडवलेले उत्तम पायस आहे. त्यातील स्निग्धांशाचे सूक्ष्म थेंब एकमेकांत मिसळून वर तवंग धरत नाहीत, कारण प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ आवरण असते. आपण विरजण लावून रवीने घुसळतो, तेव्हा ती आवरणे मोडतात आणि लोणी वर येते. कारखान्यातला पायसीकारक, म्हणजेच इमल्सिफायर, हेच आवरण बनवतो. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमते, दुसरे तेलात.

ही विद्या जुनी आहे. दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या कोल्ड क्रीममध्ये मेण, तेल आणि गुलाबपाणी होते. पुढे मेणाला टाकणखाराची जोड मिळाली आणि क्रीम टिकू लागले. अमेरिकेत विल्यम ग्रिफिन यांनी 1949 मध्ये पायसीकारकांची पाण्याकडील आणि तेलाकडील ओढ आकड्यांत मांडली, तेव्हा अंदाजाच्या या कामाला हिशेब आला. याच धंद्यात आपले एरंडेलही मानाने वावरते. एरंडेलाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आणि त्यातला मोठा वाटा गुजरातचा. गंधकाम्लाची प्रक्रिया केलेले एरंडेल 'टर्की रेड ऑइल' या नावाने एकोणिसाव्या शतकापासून कापडरंगाईत वापरले गेले. एथिलिन ऑक्साइडशी संयोग केला की त्याच एरंडेलापासून औषधे विरघळवणारा समर्थ पायसीकारक मिळतो.

येथवर सारे ठीक. पण मध्यस्थ हा नुसता मध्यस्थ राहत नाही, तोही शरीरात जातो, याचा विसर पडला की काय होते हे वैद्यकाने दोनदा अनुभवले आहे.

पहिली गोष्ट प्रोपोफॉलची. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्यासाठी आज जगभर वापरले जाणारे हे औषध ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत जॉन ग्लेन या पशुवैद्यकाच्या चमूने शोधले. ते पाण्यात विरघळेना, म्हणून 1977 मध्ये सुरू झालेल्या चाचण्यांत एरंडेलजन्य 'क्रेमोफॉर' वापरले गेले. काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी झाली आणि औषध जवळजवळ बाद ठरले. संशोधकांनी औषध तेच ठेवून मध्यस्थ बदलला. सोयाबीनचे तेल आणि अंड्याच्या बलकातील लेसिथिन यांचे पांढरेशुभ्र पायस तयार झाले आणि 1986 मध्ये ते ब्रिटनमध्ये बाजारात आले. ग्लेन यांना 2018 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. अर्थात नवा मध्यस्थही निर्धोक नव्हता. तेल आणि लेसिथिन हे जंतूंचेही अन्न. म्हणून उघडलेली कुपी काही तासांतच वापरावी किंवा टाकून द्यावी लागते.

दुसरी गोष्ट कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेलची. अमेरिकेत त्याला 1992 मध्ये परवानगी मिळाली, तीही क्रेमोफॉरसह. म्हणून सलाइनमधून ते देण्याआधी रुग्णाला स्टेरॉइड आणि ॲलर्जीरोधक औषधे द्यावी लागतात. क्रेमोफॉर वगळून अल्ब्युमिन या प्रथिनाचा आधार घेतलेला पर्याय 2005 मध्ये मंजूर झाला.

यावरून 'केमिकल' या शब्दाने दचकणाऱ्यांनी उगाच हुरळून जाऊ नये. एरंडेल वनस्पतीचे आणि लेसिथिन अंड्याचे, दोन्ही नैसर्गिकच. त्यांच्या नैसर्गिकपणाने प्रश्न सुटला नाही, तो नेमक्या परीक्षणाने सुटला. पायसीकारकांशिवाय मलमे, कित्येक इंजेक्शने आणि लसी बनणार नाहीत. प्रश्न आहे तो त्यांच्या अनामिकपणाचा.

आपल्याकडे औषधाच्या पट्टीवर मुख्य द्रव्याचे नाव आणि मात्रा ठळक असते. बाकीच्या मंडळींची बोळवण वर्षानुवर्षे 'एक्सिपियंट्स क्यू. एस.', म्हणजे 'पूरक द्रव्ये, लागतील तेवढी', एवढ्या शब्दांत होत आली. क्रीमच्या डबीवर यादी असते, पण भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा इंग्रजी अक्षरांत. उलट उदाहरणही आपल्याच राज्यातले आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड लस 2021 मध्ये कोट्यवधी लोकांनी घेतली. तिच्या माहितीपत्रकात पॉलिसॉर्बेट 80 हा पायसीकारक नावानिशी नोंदलेला होता आणि लसीतील कोणत्याही घटकाची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी ती घेऊ नये, असेही सांगितले होते. हाच पॉलिसॉर्बेट आइस्क्रीममध्येही वापरतात. ही नावे छापल्याने आभाळ कोसळले नाही.

जे लसीला जमले ते खोकल्याच्या औषधाला आणि चेहऱ्याच्या क्रीमलाही जमायला हवे. सर्व घटकांची नावे वाचता येतील अशा अक्षरांत आणि ग्राहकाच्या भाषेत असावीत. कंपनी बदलली की मुख्य द्रव्य तेच राहूनही पूरक द्रव्ये बदलू शकतात. स्वस्त जेनेरिक औषधांचा प्रसार होत असताना ही माहिती अधिकच मोलाची ठरते. औषधाने त्रास झाला तर घरच्यांनी वेष्टण फेकून न देता डॉक्टरांना दाखवावे आणि डॉक्टरांनीही केसपेपरवर नुसते औषधाचे नाव न लिहिता कंपनी आणि बॅच क्रमांक नोंदवावा. दोष औषधाचा की मध्यस्थाचा, हे तेव्हाच कळेल. आणि एखाद्या रुग्णाच्या वाट्याचे उपयुक्त औषध केवळ मध्यस्थापायी कायमचे बंद होणार नाही.